लाल खडकाची दिशा

भिंगरीचं खरं नाव बँकेच्या पासबुकावर होतं आणि तिथेच पडून राहिलं. चालायला लागली तीच मुळी पळायला लागली, असं तिची आई सांगायची आणि सांगता सांगता कपाळावर हात मारून घ्यायची. शाळेत तिला बाकावर बसवेना. मास्तर शहाणे होते. त्यांनी तिला बसवायचा नाद सोडला आणि खडू आण, घंटा दे, शेजारच्या वर्गात निरोप सांग, अशी पिटाळायला सुरुवात केली. भूगोलाचे तास तर तिने जवळजवळ सगळे व्हरांड्यातच काढले. ही पोरगी पुढे डोंगर कुठून आले ते शोधणाऱ्यांच्या बरोबरीने राबणार आहे, असं कोणी तेव्हा सांगितलं असतं, तर मास्तर हसून हसून खुर्चीतून पडले असते.

मोठी झाल्यावरही पायांची वळवळ काही थांबली नाही. कापडाच्या दुकानात ती टिकली नाही, कारण तिथे गिऱ्हाईक येईपर्यंत उभं राहावं लागतं. टपाल वाटलं, बसमध्ये तिकिटं फाडली, इस्पितळात रक्ताच्या बाटल्या या मजल्यावरून त्या मजल्यावर पोचवल्या. एक ना धड भाराभर चिंध्या, असं तिची नणंद म्हणायची, आणि भिंगरीला ते पटायचंही. आणि अशा बाईच्या गळ्यात नवरा कोण पडावा, तर घड्याळजी. सकाळी डोळ्याला भिंग लावून तो दुकानाच्या टेबलाशी बसला की दुपारपर्यंत त्याची फक्त बोटं हलायची. जोड्या जमवणाऱ्याला त्या दिवशी डुलकी लागली असावी. पण संसार झाला, आणि बरा झाला. तो बसून असायचा म्हणून ती फिरू शकायची, आणि संध्याकाळी ती जगभरच्या बातम्या घेऊन यायची म्हणून त्याला कुठे जायची गरज पडायची नाही.

चाळिशी उलटल्यावर तिला बाईंकडे काम लागलं. बाई म्हणजे विद्यापीठात खडकांचा अभ्यास करणाऱ्या, किरकोळ अंगाच्या, आवाजाने मात्र खणखणीत. त्यांना डोंगरात हाताखाली माणूस हवं होतं. आधीचे दोन तरुण चढ बघून हातावर तुरी देऊन पळाले होते. बाईंनी परीक्षा म्हणून तिला पाण्याचा कॅन चढावरच्या झाडापर्यंत नेऊन ठेवायला सांगितला. भिंगरी तो ठेवून खाली आली आणि दुसरा कुठे आहे म्हणून विचारायला लागली. बाईंनी पुढे काहीच विचारलं नाही.

काम असं होतं. डोंगराच्या उभ्या भिंतीत हातातल्या मशीनने अंगठ्याएवढ्या जाडीचं भोक पाडायचं. मशीनचा नळा पोकळ, त्यामुळे भोकाच्या आत दगडाची कांडी उभी राहते. ती तोडायच्या आधी तिच्यावर पितळेची नळी सरकवायची, नळीच्या माथ्यावरच्या छोट्या चौथऱ्यावर होकायंत्र ठेवायचं, कांडी कोणत्या दिशेला आणि किती तिरपी आहे ते वाचायचं, तारेने तिच्यावर बाण ओरखडायचा, आणि मगच ती मोडून बाहेर काढायची. आधी मोडली की संपलं. मग तो नुसता दगड, त्याचं तोंड कुठे होतं ते देवालाही सांगता येणार नाही. होकायंत्राजवळ लोखंड येऊ द्यायचं नाही हा पहिला नियम. भिंगरी किल्ल्या, फोन, पट्टा, केसातल्या पिनासुद्धा काढून लांब पिशवीत ठेवायची आणि बाईंना चष्मा काढून मागे व्हायला लावायची. बाई मुकाट्याने व्हायच्या.

हे सगळं कशासाठी, ते बाईंनी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. लाल खडकाचा लाल रंग म्हणजे लोखंडाचा गंज. चिखल थरावर थर साचत असताना गंजाचे ते बारीक कण पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करून बसतात, मग चिखलाचा दगड होतो आणि कण तसेच अडकून पडतात. पुढे त्या दगडाला कोणी ढकलो, उचलो, वळवो, कणांना जुनीच दिशा धरून राहावं लागतं. जुनी दिशा आणि आजची दिशा यांच्यातला फरक मोजला की दगडाचा प्रवास कळतो. ऐकून भिंगरीला त्या कणांची कीवच आली होती. इतकी वर्षं एकाच बाजूला बघत बसायचं म्हणजे शिक्षाच की.

पण नवल ते पुढेच होतं. नळी सरकवून होकायंत्र टेकवलं आणि डाव्या हाताने त्याला धरलं, की सुईचं थरथरणं थांबेपर्यंत भिंगरीला हलता येत नसे. आणि तिला हलावंसं वाटतही नसे. डोक्यातली चक्की बंद पडायची. घरी, दुकानात, रांगेत, अंथरुणात जे तिला जन्मात जमलं नव्हतं ते त्या भिंतीशी जमायचं. हे तिने कोणाला सांगितलं नाही, कारण ऐकणारा हसला असता. पण हे काम सुटलं तर आपलं काही खरं नाही, हे तिला आतून माहीत होतं.

लाल भिंतीची मोहीम झाली त्या वर्षी मशीनच्या धक्क्यांनी तिचं डावं मनगट धरलं होतं. नणंदेने तांब्याचं कडं आणून दिलं. तांब्याने सांधे मोकळे होतात म्हणे. भिंगरीने ते बाईंना दाखवलं, बाईंनी बोटाने टिचकी मारून पाहिली आणि तांबं चालतं म्हणाल्या. तांब्याला होकायंत्र ओळखतच नाही. झालं. कडं हातात राहिलं. रस्ता काढताना कापलेली ती लांबच लांब भिंत सगळी एकाच बाजूला तोंड करून होती. भिंगरीने टोकापासून टोकापर्यंत भोकं पाडली, प्रत्येक भोकाशी त्याच ढबीत उभी राहिली, आणि दिशा वाचल्या. बाईंनी लिहून घेतल्या.

कांड्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथलं काम मुंगीच्या पावलांनी चालतं, त्यात वर्ष गेलं. मग एका सकाळी बाई पळत व्हरांड्यात आल्या. बाई पळताना भिंगरीने प्रथमच पाहिल्या. पर्वताच्या बाकीच्या रांगेतल्या खडकांची दिशा एक, आणि लाल भिंतीची वेगळी. म्हणजे हा तुकडा बाकीच्यांबरोबर मुकाट आला नव्हता, तो येता येता वळला होता. आजवर कोणी म्हटलं नव्हतं असं काही बाईंच्या हाती लागलं होतं. त्यांनी परिषदेत बोलायचं ठरवलं, आणि त्या जोरावर पुढच्या उन्हाळ्यात पर्वताच्या पलीकडच्या बाजूला मोठी मोहीम मागितली. ती जवळजवळ मंजूरच होती. भिंगरीने नवे बूट घेतले आणि ते घरातल्या घरात घालून पायाला सवय करायला लागली. भाषणात पडद्यावर दाखवायच्या शेवटच्या चित्रावर बाईंनी आभार म्हणून तिचं नाव घातलं, खरं, पासबुकावरचं.

आणि मग घड्याळजीच्या हातून एक स्क्रू पडला.

रविवार होता, दुकान बंद, पण घड्याळजी टेबलाशीच. स्क्रू तिळाहून लहान, घड्याळाच्या पोटात कुठेतरी गडप झालेला. त्याने भिंगरीला टॉर्च धरायला बोलावलं. एरवी तो तिला टेबलाच्या आसपास फिरकू देत नसे, कारण ती आली की काहीतरी सांडायचंच. तिने डाव्या हाताने टॉर्च धरला, स्क्रू सापडला, ती चहा टाकायला गेली. चहा होईपर्यंत घड्याळजी कपाळाला आठ्या घालून बसला होता. कालपर्यंत नीट चालणारं ते घड्याळ घोड्यासारखं पुढे पळायला लागलं होतं. घड्याळात चुंबक शिरला की असं होतं, आणि ते तपासायला प्रत्येक घड्याळजीच्या खणात एक इवलंसं होकायंत्र असतं. त्याने ते बाहेर काढून टेबलावर ठेवलं. भिंगरीने चहाचा कप त्याच्या शेजारी ठेवला.

सुई घड्याळाकडे वळली नाही. ती कपाच्या मागे मागे गेली.

घड्याळजीने कप सरकवला. सुई कपाबरोबर गेली नाही, भिंगरीच्या हाताबरोबर गेली. त्याने तिचं मनगट धरलं, कडं उतरवलं, डोळ्याला भिंग लावून त्याची दोन्ही टोकं पाहिली, आणि चाकूच्या पात्याने एका टोकाचं तांब्याचं टोपण उचकटलं. आत काळा, मुगाएवढा मणी होता.

“चुंबक आहे गं यात. दोन्ही टोकांना,” तो म्हणाला. “सांध्यांसाठी घालतात हल्ली. तरीच म्हटलं, घड्याळ कशाने बिघडलं.”

त्याला घड्याळाचं पडलं होतं. भिंगरीला लाल भिंत आठवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. पिना काढल्या, बाईंचा चष्मा काढला, आणि चुंबक मनगटावर मिरवत भिंतभर फिरली. ती तशीच उठून बाहेर गेली आणि गल्लीला किती फेऱ्या मारल्या ते तिचं तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात असताना तिने पितळेची नळी आणि मोठं होकायंत्र गच्चीवर नेलं. कठड्याच्या फटीत काठी खोचून कांडीची सोय केली, भिंतीशी उभी राहायची तशी, त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली, आणि दिशा वाचली. मग कडं घालून परत वाचली. सुई वळली, आणि थांबली. लाल भिंत जेवढी वळली म्हणून बाई पळत आल्या होत्या, सुई जवळजवळ तेवढीच वळली होती. भिंगरीने पुन्हा करून पाहिलं. मग पुन्हा. सुईला तिची दया आली नाही.

परिषद आठवड्यावर होती. तो आठवडा तिने कसा काढला ते विचारू नका. घरातली सगळी भांडी घासून झाली, मग घासलेली घासली. ज्या पायऱ्या ती दोन दोन करून चढायची त्या दिवसातून कितीदा तरी कारणाशिवाय चढली. जेवताना उभी, फोनवर बोलताना चालती. एकदा वाटायचं, गच्चीवर पाण्याची लोखंडी टाकी आहे, तिनेच सुई ओढली असेल. मग आठवायचं, टाकी तर दोन्ही वेळा तिथेच होती. मग वाटायचं, बाई एवढ्या शिकलेल्या, त्यांनी पडताळा घेतलाच असेल की. आणि त्यामागोमाग खरी गोष्ट वर यायची आणि ती तिला अजिबात आवडायची नाही. सांगितलं तर पलीकडची मोहीम जाणार, आणि आपल्यालाही नारळ मिळणार. चुकीची दिशा वाचणारीला होकायंत्र कोण देईल? नाही सांगितलं तर कोणाला कधी कळणारही नाही. कडं चुलीत घातलं की झालं. या वयात आता परत कापडाच्या दुकानात उभं राहायचं? तिला आपलीच भीती वाटायला लागली, कारण गप्प राहायची इच्छा दिवसेंदिवस वाढत होती.

नणंद आली तेव्हा भिंगरीने तिच्यावर नाहक तोंड टाकलं. कडं देताना त्यात काय आहे ते सांगायला काय झालं होतं, वन्सं, असं म्हणाली. नणंद बिचारी बघतच राहिली. दुकानदाराने तिलाही तांब्याचं म्हणूनच दिलं होतं. उलट तिने विचारलं, मनगट बरं झालं की नाही? मनगट बरं झालं होतं. भिंगरीला हसू आलं आणि रडूही.

घड्याळजीला तिने तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने डोळ्याचं भिंग काढून ठेवलं, आणि तिने घरभर चकरा मारल्या. शेवटी तो म्हणाला, की चुंबक शिरलेलं घड्याळ दिसायला चांगलंच दिसतं, काटेही फिरतात, लोक ते घालून हिंडतातही. फक्त वेळ चुकीची असते. एवढं बोलून त्याने परत भिंग लावलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण तिचा नवरा त्या संध्याकाळी तिला दगडाहून टणक वाटला. त्याने ‘सांग’ म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

परिषदेच्या तीन दिवस आधी बाईंनी तिला सभागृहात बोलावलं. भाषणाची तालीम करायची होती आणि समोर कोणीतरी बसायला हवं होतं. रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध भिंगरी एकटी बसली. नव्या बुटाचा पाय तिने दुसऱ्या पायाने दाबून धरला होता.

बाई बोलायला लागल्या. पडद्यावर आधी समुद्र होता. आज जिथे बर्फ पडतो, त्या माथ्यावरचा खडक एके काळी दूर दक्षिणेतल्या एका भूमीच्या काठावर, उथळ पाण्यात, लाल चिखल म्हणून साचत होता. भरतीला चिखल ओला व्हायचा, ओहोटीला वाळून तडकायचा; ते तडे अजून खडकात दिसतात. मग ती भूमी फुटली. तिचा एक तुकडा नखं वाढतात तेवढ्या सावकाशीने उत्तरेला सरकत निघाला. कोट्यवधी वर्षं तो चालत राहिला आणि मधला समुद्र त्याच्यापुढे आक्रसत गेला. समुद्राचा तळ खाली घुसला, तुकडा समोरच्या भूमीवर आदळला, आणि जायला जागा न उरल्याने चिखलाचे ते थर चुरगळून, दुमडून, एकमेकांवर चढून आकाशात गेले. पर्वत म्हणजे हीच ती टक्कर. ती अजून संपलेली नाही.

भिंगरी हे पूर्वी तुकड्यातुकड्यांनी ऐकून होती, पण सलग आज ऐकत होती. तिचा पाय कधी थांबला ते तिला कळलं नाही. एवढा लांबचा पल्ला, एवढा जड प्रवास, आणि त्याच्या शेवटी बाईंनी पडद्यावर लाल भिंतीचं चित्र आणलं, तिच्यावर वळलेला बाण काढला, आणि म्हणाल्या, की हा तुकडा मात्र वळला. त्यांचा आवाज तिथे थोडा कापला, आनंदाने. भिंगरीला त्या बाणाकडे बघवेना. तो बाण तिच्या मनगटातून निघाला होता.

भाषण संपलं. बाई पाणी प्यायल्या आणि सवयीने समोर पाहून त्यांनी विचारलं, “काही प्रश्न?”

रिकाम्या खुर्च्यांकडे बघून त्यांनाच हसू आलं. भिंगरी उभी राहिली.

“बाई, दिशा चुकल्या असतील तर?”

“कशा चुकतील? तूच वाचल्यास.”

“म्हणूनच म्हणते,” भिंगरी म्हणाली, आणि पिशवीतून कडं काढून तिने टेबलावर ठेवलं, टोपण उचकटलेली बाजू वर करून.

बाईंना सगळं समजायला वेळ लागला नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की कोणत्या हातात होतं, आणि किती दिवसांपासून माहीत आहे. भिंगरीने दोन्ही खरं सांगितलं. दुसरं सांगताना तिची मान खाली गेली. बाईंनी पडदा बंद केला, दिवे बंद केले, आणि तिला घरी जायला सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंगरी पायीच घरी गेली, लांबच्या रस्त्याने, आणि तोही कमी पडला.

दुसरा दिवस गेला. फोन आला नाही. तिने फोन करायला घेतला आणि ठेवला. परिषदेच्या आदल्या दिवशी पहाटेच दाराशी बाईंची जुनी गाडी उभी राहिली. बाईंनी काच खाली केली. दगड मोडले असले तरी भोकं तिथेच आहेत, चल, एवढंच म्हणाल्या.

रस्ताभर भिंगरी काच खाली करी, वर करी. बाईंनी एकदाही थांबव म्हटलं नाही, त्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

भिंत होती तशीच होती. भोकांच्या कडांवर धूळ बसली होती, एकात कोळ्याने जाळं विणलं होतं. बाईंनी मागच्या पेटीतून एक तबकडी काढली. तिच्या मधोमध सरळ काडी होती. ही सूर्याने दिशा सांगते. काडीची सावली कुठे पडते आणि घड्याळात किती वाजलेत, यावरून गणित होतं. चुंबकाशी तिचा संबंध नाही. भिंगरीने पितळेची नळी भोकात सरकवली, तबकडी टेकवली, श्वास रोखला. सावली दाढीच्या केसाएवढी बारीक पडली. तिने आकडा वाचला, बाईंनी लिहिला. पुढचं भोक. त्याच्या पुढचं. मधे एक ढग आला तर दोघीही तोंडं वर करून त्याच्याकडे रागाने बघत बसल्या.

टोकाला पोचल्यावर बाई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि गणित करायला लागल्या. भिंगरी त्यांच्यापुढे येरझारा घालत होती. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

“वळला नाही,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांबरोबर सरळ आला.”

“आणि दक्षिणेतून आला ते?”

“ते खरं आहे. ते कणांच्या तिरपेपणावरून कळतं. त्यात तुझ्या कड्याची लुडबुड नाही.”

भिंगरीला क्षणभर बरं वाटलं, समुद्र तरी वाचला म्हणून. मग इतके दिवस टाळलेलं तिने विचारून टाकलं. “मला काढणार ना, बाई?”

“काढायला मोहीम कुठे उरलीय? उद्या उभी राहून सांगेन, की हा तुकडा वळला नाही. परवापासून मला कोणी दारात उभं करणार नाही.” बाईंनी तबकडी हातात घेतली आणि तिच्या काडीवर बोट फिरवत राहिल्या. “ही पेटीत होती. मागच्या वेळीही होती. रोज एका तरी भोकाला सूर्याने पडताळा घ्यायचा, हा माझाच नियम. ऊन लख्ख होतं.”

“मग घेतला का नाही?”

“तेव्हा घाई केली. मग प्रयोगशाळेतून पहिलेच आकडे वेगळे आले. मला ते फार आवडले. पेटी घेऊन परत इथे आले तर जातील असं वाटलं.” त्या भिंगरीकडे न बघता बोलत होत्या. “तू आठवडाभर गप्प होतीस. मी वर्षभर.”

भिंगरी थांबली. पहिल्यांदा तिला राग आला, आणि सणकून आला. घासलेली भांडी, चढलेल्या पायऱ्या, नणंदेवर टाकलेलं तोंड, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आपण एकटीच त्या बाणाखाली चिरडत होतो, आणि ही बाई भाषणात आवाज कापवत होती. मग समोर बसलेल्या बाईंचे पडलेले खांदे तिने पाहिले. त्या खांद्यांची तिला चांगली ओळख होती. आठवडाभर आरशात तेच दिसत होते.

“मलाही नव्हतं सांगायचं,” ती म्हणाली. “कडं चुलीत घालायला निघाले होते.”

“कोणाला कळलं नसतं. या आडरस्त्याला शंभर वर्षं कोणी मोजायला आलं नसतं.”

“शंभर वर्षांनी आलं असतं की. भोकं कुठे जातात? खडकाला शंभर वर्षं म्हणजे काय.”

बाईंनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. भिंगरीने आधी त्यांच्याकडे, मग आकाशाकडे पाहिलं. ऊन अजून वर होतं. रस्त्याच्या खाली, ओढ्याच्या बाजूला, लाल थराचीच आणखी एक भिंत होती. तिच्याकडे मागच्या वेळी कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. तिचं तोंड दुसऱ्या दिशेला होतं, म्हणजे नव्याने पडताळा घ्यायला ती बरी.

“मशीन गाडीत आहे का?” तिने विचारलं.

“आहे. पण कशाला? ना मोहीम, ना पगार. तुला द्यायला माझ्याकडे काही नाही.”

“ते मला दिसतंय,” भिंगरी म्हणाली. तिने बाईंच्या हातातली तबकडी काढून घेतली, गाडीतून मशीन उचलून खांद्यावर टाकलं आणि उताराला लागली. थोडं खाली गेल्यावर तिने वळून बाईंना चष्मा काढून यायला सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून गाडीत ठेवला. पाण्याचा कॅन उचलला, आणि दोन्ही हातांनी तो सांभाळत त्या तिच्यामागून उतरायला लागल्या.